गोपाळबाबा आपले कोण? एका घराण्याचा शोध



विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायची असं ठरलं, तेव्हा मुंबईला गावकीच्या खोलीत कमिटीची बैठक झाली. त्या बैठकीत आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी विषय मांडला, की रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे आपल्याच भावकीतले आहेत. वाडवडील तसं सांगत आले आहेत. तेव्हा ही गोष्ट स्मरणिकेत आली पाहिजे, आणि विहाराच्या दर्शनी भिंतीला फरशी लावून तीवर कोरली पाहिजे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग "तू वाचतोस, कागदपत्रं बघतोस, तूच लिही" म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. त्याला दीड वर्ष होऊन गेलं. एवढ्या काळात जे हाताला लागलं ते या लेखात मांडतो आहे. कमिटीनं जे मागितलं होतं ते मात्र मला लिहिता आलेलं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आमच्या तरुण पोरांना गोपाळबाबांचं नाव जयंतीच्या बॅनरवर वाचून माहीत असतं. त्यापलीकडे विचारलं तर गप्प. म्हणून थोडक्यात सांगतो. १८४० च्या आसपास महाडजवळच्या रावढळ गावी, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महार कुळात त्यांचा जन्म झाला. इंग्रजांच्या पलटणीत नोकरी केली. १८८६ च्या सुमाराला पेन्शन घेऊन ते दापोलीला राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचारांची त्यांना गोडी लागली. अनार्य दोष परिहारक मंडळी नावाची संस्था त्यांनी काढली. १८८८ साली अस्पृश्यांसाठी 'विटाळ विध्वंसन' लिहून छापलं. १८८९ साली हिंदू धर्माच्या पुढाऱ्यांना सव्वीस प्रश्न विचारणारं विनंतीपत्र काढलं. १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर सरकारनं त्यांची नेमणूक केली, तेव्हा बोर्डातल्या उच्चवर्णीय सभासदांना ते सोसलं नाही आणि वर्तमानपत्रांतून गदारोळ उठला. १९०० साली रावढळलाच त्यांचं निधन झालं. बाबासाहेब तेव्हा नऊ वर्षांचे होते. म्हणजे चवदार तळ्याचं पाणी हाती घेण्याआधी बत्तीस वर्षं, त्याच महाडात, आमच्यातला एक माणूस बोर्डाच्या खुर्चीवर बसायला निघाला होता. ही गोष्ट आम्ही महाडच्या मातीतली माणसं असून आम्हाला कुणी शाळेत शिकवली नाही.

आता असा माणूस आपल्या रक्ताचा असावा असं कुणाला वाटणार नाही? मलाही वाटलं. म्हणून मी आधी घरातूनच सुरुवात केली.

आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याचं नळकांडं होतं. आजी त्यात दाभण आणि गोधडीच्या सुया ठेवायची. लहानपणी आम्ही ते वाजवत फिरायचो. आजी ओरडायची, "आरं ठेव त्ये, म्हाताऱ्याचं हाय." म्हातारा म्हणजे माझे पणजोबा. ते पलटणीत होते आणि पेन्शन आणायला दापोलीला चालत जायचे, एवढंच घरात माहीत. पुढे वाचायला लागल्यावर कळलं, की पलटणीतून सुटलेला शिपाई आपला दाखला, पेन्शनचा कागद अशाच नळकांड्यात जपून ठेवायचा, म्हणजे पावसात भिजत नाही. आमच्या नळकांड्यातला कागद केव्हाच वाळवीनं खाल्ला. नळकांडं तेवढं राहिलं. पणजोबांचं नावसुद्धा घरात दोघांकडून दोन प्रकारे ऐकलं. दोन्हींच्या शेवटी 'नाक' आहे, बाकी जुळत नाही.

हे 'नाक' काय प्रकरण आहे तेही तरुणांना ठाऊक नसतं. पूर्वी महाराच्या नावापुढे नाक लागायचं. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर भीमा कोरेगावला जो स्तंभ उभा राहिला, त्यावर पडलेल्या शिपायांची जी नावं कोरली आहेत त्यांत बावीस नावं नाक लागलेली आहेत. आडनाव नाही, गाव नाही. स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि दोन्हीला नाक. आम्ही १ जानेवारीला तिथं जातो, मानवंदना देतो. पण त्या बाविसातला आपला कोण, हे आज कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकेल का? मला तरी असा कुणी भेटला नाही.

इथं मला अमेरिकेतल्या निग्रो बांधवांची आठवण होते. (आता त्यांना काळे किंवा आफ्रिकन अमेरिकन म्हणतात, जुन्या पुस्तकात निग्रो शब्द आहे.) ही आठवण उगाच नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मुक्त केलं त्यांना अर्पण केली. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. १९४६ साली तर त्यांनी काळ्यांचे थोर विद्वान डॉ. डुबॉइस यांना पत्र लिहून, युनोकडे तुम्ही केलेल्या अर्जाची प्रत मिळेल का अशी विचारणा केली होती. तर तिकडच्या काळ्या माणसाला आपल्या खापरपणजोबाचा शोध घ्यायचा झाला तर काय होतं? १८५० आणि १८६० सालच्या तिकडच्या खानेसुमारीत गुलामांची वेगळी यादी आहे. तिच्यात मालकाचं नाव आहे आणि त्याखाली नुसतं वय, पुरुष की बाई, रंग काळा की मिश्र. नाव नाही. मालकाच्या गुरांची मोजदाद व्हावी तशी ती मोजदाद आहे. १८६५ साली गुलामी कायद्यानं संपली आणि १८७० च्या खानेसुमारीत पहिल्यांदा त्या सगळ्यांची नावं आली. त्यामुळे १८७० सालच्या मागं गेलं की शोध भिंतीला जाऊन थडकतो.

पण त्यातही एक दरवाजा आहे, आणि तो वाचून मी उडालोच. तिकडच्या यादवी युद्धात जवळपास एक लाख ऐंशी हजार काळे लोक उत्तरेच्या फौजेत लढले. पुढं त्यांनी किंवा त्यांच्या विधवांनी पेन्शनसाठी अर्ज केले. लग्नाचा कागद नाही, जन्माचा दाखला नाही. मग सरकारनं साक्षी घेतल्या. हिचं लग्न कुणी पाहिलं, मालक कोण होता, मुलं किती, कुठल्या मळ्यावर जन्मला, हे सगळं त्या पेन्शनच्या फायलींत लिहिलेलं आहे. ज्यांचा बाप किंवा आजा फौजेत गेला त्यांना घराण्याचा माग लागतो. जो नुसता मळ्यावर राबला त्याचा लागत नाही.

आपल्याकडेही हेच झालं आहे. गावकीची कामं करणारा, मेलेलं ढोर ओढणारा, टपाल पोचवणारा आमचा पूर्वज कागदावर आलाच तर 'गावचा महार' म्हणून. पलटणीत गेला तो नावानं आला. आणि कागदापुरतं नाही. विचार करा, गोपाळबाबा बोलू शकले ते कशाच्या जोरावर? गावातला महार बलुत्यावर जगत होता. खळ्यावर दाणे मिळायचे ते गावाच्या मर्जीनं. तो जर 'विटाळ कशाचा?' म्हणून विचारता झाला असता तर दुसऱ्या दिवशी चूल बंद. पेन्शनराला मनीऑर्डर म्हणा, खजिना म्हणा, सरकारकडून पैसे येत. गावाला ते बंद करता येत नव्हते. शिवाय पलटणीत शाळा होती. शिपायाच्या पोराला, कधी पोरीलाही, अक्षर शिकवत. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे त्याच पलटणीतल्या शाळेचे हेडमास्तर. वाचता येणारा आणि गावाच्या दाण्यावर न जगणारा महार, अशी एक नवीनच जात कंपनी सरकारच्या छावणीत तयार झाली आणि दापोली कॅम्पात येऊन राहिली. चळवळीची पेरणी तिथं झाली. इंग्रजानं ते आपल्या भल्यासाठी केलं असेल असं मी म्हणत नाही. त्याला शिपाई पाहिजे होते.

आणि पुढं नको झाले तेव्हा त्यानं दार लावूनही घेतलं. १८९२ च्या सुमारास महारांची पलटणीतली भरती बंद झाली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असं नवं शास्त्र निघालं होतं. ज्यांच्या बापजाद्यांची नावं कोरेगावच्या दगडावर, ते बिनलढाऊ ठरले! कोकणात घरटी माणूस पलटणीत. पेन्शनर म्हातारे मरत गेले आणि नवे आले नाहीत. आमच्या आजीचं एक वाक्य होतं, "म्हातारा होता तवर घरात चाय होता, म्हातारा गेला आन् चाय गेला." यात सगळा इतिहास आला. त्यानंतरच आमच्याकडची माणसं मुंबईला गोदीत आणि गिरण्यांत गेली.

या भरतीबंदीविरुद्ध गोपाळबाबांच्या मंडळीनं १८९४ साली अर्ज तयार केला. बाबासाहेबांचे चरित्रकार चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी तो जपून ठेवला, म्हणून आज आपल्याला कळतो. हा अर्ज मुद्दाम थांबून वाचण्यासारखा आहे, कारण पूर्वज कोण हाच त्याचाही विषय आहे. गोपाळबाबा आपल्या लिखाणात सांगत होते, की आम्ही अनार्य, या देशातले मूळचे. बाहेरून आलेल्या आर्यांनी आम्हाला जिंकून खाली ढकललं. हा जोतीरावांचा विचार. संस्थेच्या नावातच अनार्य आहे. आणि अर्जात काय म्हटलं आहे? की महार हे मूळचे क्षत्रिय. १३९६ सालच्या दुर्गादेवीच्या दुष्काळात नाइलाजानं नको ते खावं लागलं म्हणून खाली पडले. आता एकाच मंडळीचे दोन पूर्वज कसे?

मी हे एका प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, ही वैचारिक विसंगती आहे. असेल. पण मी युनियनमध्ये वर्षानुवर्षं अर्ज लिहिलेला माणूस आहे. मॅनेजमेंटला लिहायचा अर्ज वेगळा आणि गेटवरच्या सभेतलं भाषण वेगळं, हे मला माहीत आहे. सेनापतीला क्षत्रिय पाहिजे होते. अनार्य म्हणून अर्ज केला असता तर त्यानं तो उघडलाही नसता. गोपाळबाबांना घरात दोन वेळची भाकर पाहिजे होती आणि त्यासाठी त्यांनी क्षत्रियपणा पत्करला. मला त्यात कमीपणा वाटत नाही. फक्त एवढं ध्यानात येतं, की पूर्वज हा नुसता सापडत नाही, तो गरजेप्रमाणे निवडलाही जातो. पुढं बाबासाहेबांनी १९४८ साली 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात हे दोन्ही मार्ग सोडले. वंशावरून अस्पृश्यता आली हे त्यांनी नाकारलं. अस्पृश्य हे पांगलेले, गावाबाहेर वसलेले लोक होते आणि ते बौद्ध होते, म्हणून त्यांचा द्वेष झाला, अशी मांडणी त्यांनी केली. साठ वर्षांत आपण अनार्य, मग क्षत्रिय, मग बौद्ध झालो. यातला शेवटचा पूर्वज आपण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला कबूल केला.

असो. मी भावकीच्या मुद्द्यावर येतो.

रावढळचे बाबा वलंगकर, आणि रमाई माहेरच्या वलंगकर. रमाईंचा जन्म दापोलीजवळ वणंदचा, ७ फेब्रुवारी १८९८ चा. वडील भिकू धुत्रे. दाभोळ बंदरातून माशाच्या टोपल्या वाहून बाजारात न्यायचे काम करीत. त्यांनाच वलंगकरही म्हणत. आईवडील गेल्यावर लहानग्या रमाईला नातेवाइकांनी मुंबईला आणलं आणि १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, बाबासाहेबांशी तिचं लग्न लागलं. गोपाळबाबा रमाईंच्या नात्यातले होते असं चरित्रकार लिहितात. म्हणजे एका बाजूनं जोतीराव, दुसऱ्या बाजूनं बाबासाहेब, आणि मधला दुवा रावढळचा पेन्शनर.

आता 'धुत्रे' आणि 'वलंगकर' ही दोन नावं एकाच घराला कशी? कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. एक कुळाचं आडनाव आणि एक गावावरून पडलेलं. बाबासाहेबांचं घराणं सकपाळांचं, गाव आंबडवे, म्हणून आंबडवेकर, आणि पुढं शाळेत आंबेडकर झालं. 'कर' लागलं की ते मुळात गावाचं नाव असतं. एका गावातून निघालेली चार कुळं चार दिशांना गेली तरी चारही जण त्याच गावचे 'कर' म्हणून ओळखले जातात. तेव्हा आमच्या वाडीतल्या दोन घरांना जुने लोक वलंगकर म्हणायचे, एवढ्यावरून ती घरं गोपाळबाबांच्या रक्ताची ठरत नाहीत. एकाच वेशीतून बाहेर पडली असतील, एवढंच त्यातून निघतं.

मग मी कागद बघायला गेलो. तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकं असतात. गाव नमुना चौदा. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, बापाचं नाव काय, जात काय, हे त्यात लिहिलेलं असतं. आपल्या पोरांच्या जातीच्या दाखल्यासाठी ज्यांनी खेपा घातल्या आहेत त्यांना हे बुक चांगलं ठाऊक आहे. अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. माझ्या मुलीच्या वेळी एका कचेरीत मला विचारलं होतं, "तुम्ही बौद्ध, मग महार कशावरून?" घरात बुद्धवंदना म्हणायची, बावीस प्रतिज्ञा पाळायच्या आणि कागद शोधायचा तो 'महार' लिहिलेला. ज्या शब्दातून बाहेर पडायला आमच्या वडिलांनी जन्म घालवला तोच शब्द शोधत मी त्या धुळीत बसलो होतो. सापडला तेव्हा, खोटं कशाला बोलू, आनंदच झाला. आजोबांच्या जन्माची नोंद होती. बापाचं नाव होतं आणि पुढे 'महार' होतं. आमच्या घरातल्या दोन नावांपैकी एक त्या दिवशी खरं ठरलं. नाक लावलेलं.

भावकीच्या शोधासाठी मी त्याच बुकाची पानं पुन्हा उलटली. ज्या दोन घरांना वलंगकर म्हणतात त्यांच्या नोंदी मिळाल्या. बापाचं नाव, जात, सगळं आहे. आडनावच नाही. तेव्हा आडनाव लिहायची पद्धत आमच्यासाठी नव्हती. गोपाळबाबांशी जोडणारा धागा त्यात मिळत नाही. शिवाय बाबांचं नाव काही ठिकाणी गोपाळ कृष्ण असं येतं. ते त्यांचं आणि वडिलांचं नाव धरलं, तर आमच्या दोन्ही घरांच्या जुन्या नोंदीत कृष्णा नावाचा बाप एकही नाही.

एवढ्यावरही मी थांबलो नसतो. म्हटलं, कागद नसला तर नसो, तोंडी परंपरा आहे ना. वाडीत सर्वांत वयस्कर असलेल्या एका आजींकडे गेलो. नव्वदी ओलांडलेली बाई, पण बोलणं खणखणीत. मी विचारलं, "आजी, गोपाळबाबा आपल्या भावकीतले काय गं?" ती म्हणाली, "व्हय तर. माझ्या सासऱ्याची आतेच दिली व्हती वलंगकराकडं." मी वहीत लिहून घेतलं आणि खूष होऊन उठलो. अंगणात आलो आणि पाय थांबले. परत आत गेलो. म्हटलं, "आजी, मुलगी दिली होती म्हणता, मग भावकी कशी?" तिनं माझ्याकडे बघितलं आणि खो खो हसली. "मंग सोयरं म्हन. भावकीत लगीन करत्यात काय रं?"

झालं. दीड वर्षाचं काम एका वाक्यात निकालात निघालं. मुलगी दिली असेल तर आपण त्यांचे भाऊबंद असूच शकत नाही. फार तर सोयरे. आणि तेही 'वलंगकराकडं' म्हणजे कुठल्या वलंगकराकडं, रावढळच्या की दुसऱ्या, हे त्या माउलीला सांगता येईना.

कुणी म्हणेल, एवढं ताणता कशाला? म्हातारी माणसं सांगतात तर मान्य करा. त्यांच्यासाठी अमेरिकेतलीच एक हकीकत सांगतो. अलेक्स हेली नावाच्या काळ्या लेखकानं १९७६ साली 'रूट्स' नावाचं पुस्तक लिहिलं. आपला पूर्वज कुंटा किंटे हा आफ्रिकेत गांबिया देशात जुफुरे गावचा, १७६७ साली गुलामांच्या जहाजातून अमेरिकेला आणला गेला, अशी सात पिढ्यांची कहाणी. टीव्हीवर आली तेव्हा सारा देश बघत होता. लाखो काळ्या माणसांनी त्यामुळे आपले पूर्वज शोधायला सुरुवात केली, हे त्या पुस्तकाचं मोठंच काम. पण पुढं संशोधकांनी कागद तपासले तेव्हा अमेरिकेतल्या नोंदी जुळेनात. आणि गांबियातल्या ज्या म्हाताऱ्या कथेकऱ्यानं कुंटा किंटेची वंशावळ म्हणून दाखवली, त्याला हेलीसाहेबांना काय ऐकायचं आहे हे आधीच ठाऊक होतं, असं दिसून आलं. मी त्या आजींच्या अंगणात उभा होतो तेव्हा मला तो कथेकरी आठवला. मी प्रश्नातच उत्तर घालून दिलं होतं. "भावकीतले काय गं" असं विचारल्यावर ती "व्हय" म्हणणार नाही तर काय? आपल्या पोराला नाही कशी म्हणेल!

ही सगळी हकीकत मी कमिटीपुढं ठेवली. ज्या ज्येष्ठ सभासदांनी विषय मांडला होता त्यांना राग आला. "आमच्या बापानं खोटं सांगितलं काय?" म्हणाले. त्यांचा राग मला समजतो. ज्याच्या घराण्याला कुणी कधी घराणं म्हटलं नाही, त्याला एक नाव मिळत होतं आणि ते मी काढून घेतलं. बाकीचे लोक आपली वंशावळ भिंतीवर लावतात, शहाण्णव कुळं सांगतात, त्यातलं किती खरं हे कुणी तपासत नाही. मग आपणच का तपासायचं, असं एका तरुणानं विचारलं. त्याला मी एवढंच म्हणालो, की फरशीवर कोरलेलं उद्या रावढळच्या माणसानं येऊन वाचलं आणि वंशावळ मागितली, तर कुणाला पुढं करायचं? बरीच वादावादी झाली. मतदान घ्यायची वेळ आली होती. शेवटी फरशी लावायची, पण तीवर भावकीचा उल्लेख नसावा, नाव, गाव, काम आणि साल तेवढं असावं, असं ठरलं. ज्येष्ठ सभासदांनी सही केली, पण मनापासून नाही, हे मला माहीत आहे.

या शोधात मला दुसरंच एक नातं सापडलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. गोपाळबाबा 'दीनबंधू' पत्रात लिहीत असत. हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली काढलं आणि १८८० पासून मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवलं. हेच ते लोखंडे, ज्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधली आणि ज्यांच्या खटपटीमुळे १० जून १८९० ला आम्हा कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. म्हणजे दापोलीच्या कॅम्पात बसून पेन्शनर जे लिहीत होता ते परळ-भायखळ्याच्या कामगारांच्या पत्रात छापलं जात होतं. मी तीस वर्षं साच्याखात्यात काढली, दर रविवारी झोपलो, आणि या दोन माणसांची ओळख होती हे मला पन्नाशीत कळलं.

दापोलीच्या शाळेचाही उल्लेख करतो. १८९० नंतर तिथल्या पेन्शनरांनी नगरपालिकेच्या शाळेत आपली मुलं बसावीत म्हणून अर्ज केले, गोपाळबाबा त्यात पुढे होते. मुलांना घेतलं, पण व्हरांड्यात बसवलं. त्याच सुमाराला सुभेदार रामजी पेन्शन घेऊन दापोलीला राहायला आले होते, आणि छोटा भीमराव तिथं होता. एका बाजूला हे पेन्शनर अर्जावर अर्ज लिहीत आहेत, आणि दुसऱ्या बाजूला पाच वर्षांचा पोरगा त्याच कॅम्पात खेळतो आहे, असं चित्र माझ्या डोळ्यापुढे येतं.

पुढचं महाड सर्वांना माहीत आहे. १९ आणि २० मार्च १९२७ ची परिषद, चवदार तळं, आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन. त्या डिसेंबरात बाबासाहेब मुंबईहून बोटीनं हरिहरेश्वरला उतरले आणि तिथून लाँचनं खाडीतून दासगावला आले. दासगावच्या धक्क्यावर हजारो माणसं उभी होती. दासगाव म्हणजे पेन्शनरांचंच गाव. सत्याग्रहाची धावपळ करणारे रा. बा. मोरे तिथंच वाढले. ज्या माणसांच्या घरात पत्र्याची नळकांडी होती त्यांचीच पोरं-नातवंडं धक्क्यावर उभी होती. माझे आजोबाही होते असं घरात सांगतात. पण आता मी ते तपासल्याशिवाय छापणार नाही.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्या घरी माळ्यावर, पेटीच्या तळाला, जुनं नळकांडं, पलटणीचं बटण, बिल्ला, पेन्शनचा कागद, मोडीतला एखादा अर्ज, कोतवाल बुकाची नक्कल, काहीही असेल तर वर्धापनदिनाला विहारात घेऊन या. वस्तू आम्ही ठेवून घेणार नाही. सकाळी बुद्धपूजा झाल्यावर मी बाजूच्या खोलीत वही घेऊन बसेन. जे असेल ते लिहून घेऊ, मोबाईलवर फोटो काढू आणि वस्तू तुमची तुम्हाला परत देऊ. म्हाताऱ्या माणसांना सोबत आणा, आणि येताना त्यांना काही पढवू नका.